न्हाणीमागची कर्दळ

एका राज्यात, ऐन राजवाड्याच्या पुढ्यात, एक दलदल होती. सकाळपासून सांजेपर्यंत वर रणरणतं ऊन आणि खाली गुडघाभर चिखल. पूर्वी तिथे बाग होती. राजमाळी भिवाजी मोठा शिस्तीचा. गोरंभ नावाचा मांत्रिक चिखलाच्या पायांनी त्याचे वाफे तुडवत आला, तेव्हा भिवाजीने त्याला चारचौघांत हाकलून दिलं. मांत्रिक पेटला. "चिखलाची एवढी किळस? मग घे चिखल!"

झालं! बाग खचली, चिखल वर आला आणि भिवाजीचा बगळा झाला.

"तुझ्या बायकोने या चिखलात फूल फुलवलं तर पुन्हा माणूस होशील," मांत्रिक म्हणाला. "लागवडी तीन. तिसरी वाया गेली, की जन्मभर बेडूक खा." एवढं बोलून तो चालता झाला.

भिवाजीची बायको येसाई. आता तिने कोणाचं काय घोडं मारलं होतं, सांगा! पण रडत बसून नवरा परत येत नाही. तिने डोळे पुसले, पदर खोचला आणि ती चिखलात उतरली.

"अगं, मोगरा लाव," काठावरून बगळा म्हणाला. "बुंध्याशी माती टाचेने घट्ट दाब."

"अहो, पण इतक्या पाण्यात मोगरा?"

"तीन पिढ्या बाग केली आमच्या घराने!"

पक्षी झाला तरी नवरा तो नवराच. येसाईने मोगरा लावला, टाचेने दाबला. आठव्या दिवशी उपटून पाहिलं, तर मुळं काळी पडून घाण मारत होती.

मग हेमांगद राजा स्वतः सज्जात आला. "कमळ लाव. ते चिखलातच उगवतं, हे पोरासोरांनाही ठाऊक आहे."

राजाज्ञा! येसाईने तळ्यातून कमळाचे कंद आणले. पण कमळाला वर उभं पाणी लागतं, आणि इथे नुसता रबरबाट. चार दिवसांच्या उन्हात पानं पापडासारखी कडकडीत वाळली.

उरली एक लागवड. येसाई घरी आली ती पाय ओढतच. हे चुकलं तर ह्यांचा आवाज तेवढा ऐकायचा, हात कधी हाती घ्यायचा नाही, या विचाराने तिचा जीव थाऱ्यावर नव्हता. पाय धुवायला ती न्हाणीमागे गेली आणि सांडपाण्यात घोट्यापर्यंत रुतली. शिव्या घालायला तोंड उघडलं, मान वर केली, तर समोर कर्दळ! डोक्यावर भर दुपारचं ऊन, बुडाशी चिखल, आणि वर लालभडक फुलं.

त्या नगरात घरोघरी न्हाणीमागे बायका कर्दळ खोचत. सांडपाणी जिरवायचं, एवढंच तिचं काम. बागेतली झाडं वेगळी आणि मोरीवरची वेगळी, असा रिवाज. भिवाजी रोज त्या कर्दळीशेजारी अंघोळ करायचा, पण तिच्याकडे त्याने कधी ढुंकून पाहिलं नव्हतं.

"अगं बाई!" येसाई मटकन खाली बसली. "मी तरी कुठे पाहिलं हिच्याकडे!"

तिने कर्दळीचे गड्डे पानांसकट खणले. शेजारणीच्या मोरीवरून सोनटक्का आणला, ओढ्याकाठचा तेरडा आणला. वेशीत राजा आडवा आला.

"माळीणबाई, मोरीवरचं झाड माझ्या दारात?"

"महाराज, मानाची झाडं दोन्ही गेली."

"आणि हेही गेलं तर?"

"तर माझा नवरा गेला."

राजा बाजूला झाला.

येसाईने भर उन्हात, मधोमध, कर्दळ लावली. सोनटक्क्याला ऊन सोसतं, पण करपवणारं नाही, म्हणून तो कर्दळीच्या सावलीला. तेरड्याला ओल हवी, पण मुळं बुडालेली चालत नाहीत, म्हणून तो उंच काठावर.

"टाचेने दाब!" बगळा ओरडला.

"मुळीच नाही! चिखल आधीच गच्च आहे, मुळांना श्वास घेऊ द्या. आणि तुम्ही जरा गप्प बसा."

बगळा गप्प बसला. लग्नाला बारा वर्षं झाली होती, असं पहिल्यांदाच घडलं.

पाचव्या दिवशी कर्दळीचं एक पान पिवळं पडलं. दुसरं पिवळं पडलं, तेव्हा येसाई रात्रीही काठावरच बसून राहिली. पण नवव्या दिवशी गड्ड्यातून हिरवी सुरळी वर आली. मग दुसरी आली, तिसरी आली. महिना गेला. काठावर तेरडा फुलला, पण तो काठावरचा, चिखलातला नव्हे. शाप जागचा हलेना. आणि एका सकाळी मधल्या कर्दळीला लाल फूल आलं.

बगळ्याची पिसं गळाली. भिवाजी कमरेइतक्या पानांत, गुडघाभर चिखलात उभा होता. डोळ्यांतून घळघळा पाणी वाहत होतं.

"येसा, बेडूक खाल्ले गं मी. कच्चे."

येसाई हसली, हसता हसता रडली आणि त्याचा हात धरून तिने त्याला काठावर ओढलं. हात गरम होता. तिने तो किती तरी वेळ सोडलाच नाही.

राजाने दवंडी पिटवली, की ही दलदल कोणी बुजवायची नाही. पुढे सोनटक्काही फुलला आणि त्याचा वास दरबारापर्यंत गेला. पण त्या सकाळी येसाईला कशाचंच भान नव्हतं. ती एवढंच म्हणाली, "चला, भाकरी टाकते." तिच्या जिवाचा घोर जसा उतरला, तसा ऐकणाऱ्या सगळ्यांचा उतरो.