लेकीला ऐकू जाणारी प्रार्थना

फार फार वर्षांपूर्वी डोंगराच्या कुशीतल्या एका लहानशा गावात सलोमी नावाची एक विधवा राहायची. बांबूच्या टोपल्या विणून तिनं आपल्या एकुलत्या एक लेकीला, फिबीला, वाढवलं होतं. फिबीला नुकतंच विसावं लागलं होतं.

रोज दिवेलागणीला मायलेकी देवापुढे गुडघे टेकायच्या. सलोमीचा विश्वास मोठा होता, आणि आवाजही.

पलीकडच्या गावातून फिबीला स्थळ आलं. घर खाऊनपिऊन सुखी. मुलगा उंचापुरा, दर रविवारी उपासनेला पहिल्या रांगेत बसणारा. सलोमी हरखून गेली. फिबी मात्र "मला थोडा वेळ दे" एवढंच म्हणाली.

तेव्हापासून सलोमीची प्रार्थना लांबत गेली. "प्रभू, माझ्या लेकीचा हट्ट मोड. आईबापाचा मान राख, ही तुझी आज्ञा तिला आठवू दे." मधूनच ती एक डोळा किलकिला करून लेकीकडे बघायची.

एका संध्याकाळी फिबी प्रार्थनेला आलीच नाही. दुसऱ्या दिवशीही नाही.

सलोमी घाबरीघुबरी होऊन गावच्या चर्चच्या म्हाताऱ्या पाळकांकडे गेली. "पाळकबाबा, माझ्या पोरीचा विश्वास उडाला हो!"

"तू तिच्यासाठी प्रार्थना करतेस ना? काय मागतेस?"

सलोमीनं रोज लेकीदेखत मोठ्यानं म्हणायची ती प्रार्थना जशीच्या तशी सांगितली.

म्हाताऱ्यानं शांतपणे विचारलं, "हे तू मनातल्या मनात म्हणालीस, तर देवाला ऐकू जाईल ना?"

"जाईल की."

"मग मोठ्यानं कुणासाठी म्हणतेस, बाई?"

सलोमी घराकडे निघाली. वाटभर तो प्रश्न तिच्या मनाला टोचत राहिला.

घरी फिबी ओसरीवर पावटे सोलत बसली होती. सलोमी तिच्याजवळ टेकली. "आज मी काही बोलणार नाही. तू सांग."

फिबीनं हातातली शेंग खाली ठेवली. मग ती हळूच म्हणाली, "आई, चढावर त्या मुलाचा बैल पडला होता. त्या पडलेल्या जनावराला तो हात दुखेपर्यंत मारत राहिला. मी डोळ्यांनी पाहिलं. मला त्याची भीती वाटते."

"अगं, मग मला आधी का नाही बोललीस?"

फिबीचे डोळे भरून आले. "तू देवालाच माझ्याविरुद्ध उभं केलंस. मग मी कुणाकडे जायचं?"

सलोमीनं लेकीला पोटाशी धरलं. "चुकलं गं माझं," एवढंच तिच्या तोंडून निघालं. बाकीचं रडण्यात गेलं.

दुसऱ्या दिवशी ती स्वतः जाऊन स्थळाला नकार देऊन आली. गावानं नावं ठेवली, ती तिनं मुकाट ऐकून घेतली. त्या संध्याकाळी फिबी आपणहून प्रार्थनेला तिच्याशेजारी येऊन बसली.

दोन वर्षं गेली. एका सकाळी फिबी चुलीपाशी येऊन घुटमळली. "आई, मला एक माणूस आवडतो. दुसऱ्या कुणाला कळायच्या आधी तुला सांगायचं होतं."

सलोमीच्या ओठांवर शंभर प्रश्न आले. तिनं भाकरी तव्यावरून उतरवली, लेकीला शेजारी बसवलं आणि एवढंच म्हणाली, "सांग बाळा, कसा आहे तो?"

बोध: मुलांना देवाच्या नावानं धाकात ठेवू नये, त्यांचं ऐकून घ्यावं, म्हणजे ती आपल्याजवळही येतात आणि देवाजवळही.