काळ्या आजाराचं औषध

"पण भन्ते, सही झाल्यावर मी काय करायला हवं होतं?"

भन्ते धम्मसार अंगण झाडत होते. त्यांनी उजवा कान पुढे केला. डाव्या कानानं त्यांना ऐकू येत नसे.

प्रज्ञाशील गजभियेनं प्रश्न पुन्हा विचारला. या वेळी आवाज जरा चढला.

नागपूरबाहेरच्या टेकडीवरच्या या विहारात तो लहानपणापासून येत होता. आता एका सरकारी संशोधन संस्थेचा संचालक होता. काळ्या आजारावरचं नवं इंजेक्शन त्याच्या हाताखाली तयार झालं होतं, सगळं सरकारी पैशातून. पोट फुगून, अंग खंगून मरणारी लेकरं त्यानं उठून बसत. ते ठेवायला बर्फाची गरज नाही, की टोचायला मोठ्या दवाखान्याची नाही. वर्तमानपत्रांत त्याचे फोटो आले होते.

मग औषधाचे साऱ्या जगाचे हक्क एका कंपनीनं घेतले. कराराच्या मसुद्यात एक कलम होतं: गरीब देशांना हे औषध स्वतः बनवता येईल. कंपनी म्हणाली, ते काढा. प्रज्ञाशीलनं काढलं. नाहीतर कंपनी माघारी गेली असती आणि आपलं औषध कपाटात पडून राहिलं असतं, असं तो स्वतःला बजावत आला होता.

पावसाळ्याआधी दक्षिण सुदानहून डॉक्टर अयेन आल्या. त्यांचा वॉर्ड याच आजाराच्या मुलांनी भरला होता. फुकट औषध नको म्हणाल्या. कृती द्या, आम्ही बनवू. कंपनी तिथं औषध विकतही नव्हती, दुसऱ्याला बनवूही देत नव्हती.

प्रज्ञाशीलनं त्यांना चहा पाजला आणि करार दाखवला.

"काल त्यांचा फोन आला, भन्ते. वॉर्ड रिकामा झाला म्हणाल्या."

"मुलं बरी होऊन गेली?"

प्रज्ञाशीलनं नकारार्थी मान हलवली.

भन्त्यांचा झाडू थांबला.

"खूप बोलल्या असतील तुला."

"नाही. आभार मानले. भेटीसाठी वेळ काढलात म्हणाल्या. मला खरंच काही करता येत नव्हतं. संस्थेचा करार आहे."

"संस्थेत कोण बसतं?"



"आणि ते औषध आता आमचं नाहीच," प्रज्ञाशील घाईनं म्हणाला. "कायद्यानं ते कंपनीचं आहे."

"सगळं?"

"सगळं."

भन्त्यांनी झाडू भिंतीला टेकवला. चीवर खांद्यावर सारलं आणि सुरकुतलेला दंड त्याच्यासमोर धरला.

"मग हे काढून घे."



हे औषध पहिल्यांदा माणसाला टोचायचं होतं, तेव्हा निरोगी माणसं मिळत नव्हती. लोक भीत होते. भन्ते आपणहून संस्थेत आले होते. सुई प्रज्ञाशीलनंच टोचली होती, याच दंडात. मात्रा जास्त झाली. भन्ते तापानं फणफणले, उलट्यांनी बेजार झाले. पुढे मात्रा कमी केली आणि औषध लागू पडलं. भन्त्यांनी कधी तक्रार केली नाही. कुणी कानाचं विचारलंच, तर हसून दुसरा कान पुढे करत.

"ते… ते अंगातून केव्हाच निघून गेलं, भन्ते."

"असं होय." भन्त्यांनी दंड खाली घेतला. "म्हणजे बहिरा कान तेवढा माझा राहिला."

प्रज्ञाशील मटकन पायरीवर बसला.

"मी उद्या राजीनामा देतो," तो म्हणाला.

"तुझ्या जागी दुसरा येईल. तोही करार दाखवील."

"मग ते कलम परत घालायला लावतो. कोर्टात जातो. सगळ्यांसमोर सांगतो, मीच काढलं म्हणून."

"सांग."

"वर्षं जातील, भन्ते. आणि जी गेली ती…"

हा एवढा मोठा माणूस दोन्ही हातांत तोंड लपवून हमसून रडू लागला. ध्यानाला आलेल्या दोघी बायका दारातच थबकल्या.

भन्त्यांनी त्याच्या पाठीवर हात ठेवला नाही. झाडू उचलला.

"ऊठ. रडायचं तर तिकडं त्या वॉर्डात जाऊन रड… इथं कुणाचं लेकरू गेलेलं नाही."