रावबाला दिलेली ओ

अहो, हात कसले जोडताय? खाली घ्या ते. या धोंड्याला नमस्कार चालत नाही. इथं थांबायचं, दरीकडे तोंड करायचं आणि रावबाला एक सणसणीत शिवी हासडायची. हसू नका. या घाटाची रीतच आहे ती, आमच्या आज्यापणज्यांपासूनची.

रावबा आणि हैबती, दोघे वाटाडे. कोकणातून मिठाचे बैल वर यायचे, तेव्हा धुक्यात पुढे चालणारा वाटाड्या हुकारा, म्हणजे लांबवर हाळी, द्यायचा आणि मागच्यानं ओ द्यायची. ओ आली नाही तर पुढच्यानं मागे फिरायचं, हा नेम. रावबा तरबेज, व्यापारी त्यालाच पुढे घालायचे. हैबतीला ते सलायचं. एकदा दाट धुक्यात रावबानं हुकारा दिला. हैबती ऐकूनही गप्प राहिला. याला ओ द्यायला मी काय याचा गडी आहे, म्हणाला. झालं! रावबा त्याला शोधायला मागे फिरला आणि या कड्यावरून गेला.

तो झोटिंग झाला, असं सांगतात. दरीत अडकलेलं भूत. आता भूत झाल्यावर तो सज्जन होता असं नाही हो. बैल बुजवायचा, मिठाच्या गोणी फोडायचा, मुक्कामाच्या माणसांची तंबाखू पळवायचा. पण खरं दुखणं वेगळंच होतं. तो रोज हुकारा द्यायचा आणि कोणी ओ देत नसे. भुताला ओ कोण देणार? लोक कानांत बोटं घालून रामनाम घेत पळायचे. वर्षानुवर्षं बिचारा एकटा, आपलाच आवाज ऐकत बसलेला. सुटायची वाट एकच होती म्हणे. दरीत दुसरा कोणी मेला, तर तो त्याच्या जागी अडकणार आणि रावबा मोकळा होणार.

आणि एके दिवशी पडला कोण, तर हैबतीच! म्हातारा झाला होता तोवर. गावानं रावबाच्या मरणाचा बोल त्याला लावलेला, त्यामुळे रावबावरचा राग तो मेल्यावरही वाढतच गेलेला. धुक्यात पाय सटकला आणि गडी कड्याच्या निम्म्यावर एका झुडपाला लोंबकळत राहिला. झुडूप उपटत आलं होतं. रावबानं नुसतं बघत राहायचं, की सुटला.

पण त्यानं हुकारा दिला. माणसानं ओ दिल्याशिवाय झोटिंगाला त्याला हात लावता येत नाही ना! एकदा दिला, पुन्हा दिला. हैबती दात आवळून गप्प. मरेन, पण याला ओ देणार नाही. शेवटी मुळं सुटली तसा तो ओरडला, "गप की रे मुडद्या! मेलास तरी माझी पाठ सोडत नाहीस!"

रावबाला तेवढी ओ पुरली. त्यानं मनगट धरलं आणि हैबतीला या धोंड्यावर आणून आदळलं.

हैबतीनं आभार मानले? छे! "तुला कुणी सांगितलं होतं रे? आता जन्मभर तुझ्या उपकाराखाली राहू?" म्हणून घसा फुटेस्तोवर शिव्या घातल्या. दरीतून हसण्याचा आवाज येत होता म्हणे. इतक्या वर्षांनी कोणीतरी त्याच्याशी माणसाशी भांडावं तसं भांडत होतं. मग हैबती दर बाजाराला इथं येऊन शिव्या देऊन जाऊ लागला, मरेपर्यंत. माफी काही त्याच्या तोंडून निघाली नाही. त्याच्यामागे गावानं ते काम अंगावर घेतलं.

आता खालून डांबरी रस्ता झालाय, इकडे कोण फिरकतंय? मीच येतो. गेल्या थंडीत माझा आवाज पार बसला, तेव्हा माझ्याऐवजी आमची कारभारीण, सुंदरा आली. बाई जन्मात कुणाला वाकडं बोललेली नाही. तिला शिवी काही सुचेना. शेवटी म्हणाली, "मेल्या, जेवलास का रे?"

त्या दिवशी दरीतून हसू आलं नाही. आजही सुंदरा सांगते, खाली कोणीतरी हुंदके देऊन रडत होतं.