फटक्यांची रांग

इनामदारांनी गावात भीक मागायला बंदी केली होती. मागेल त्याला फटके.

वडिलांच्या दहाव्याला ते नदीवर उभे होते. दुपार झाली तरी पिंडाला कावळा शिवेना. "बाबा, काय राहिलं? या हो!" ते हात जोडून विनवीत होते.

तेवढ्यात शिपायांनी ठकूआजीला धरून आणलं. दोन दिवसांच्या उपाशी म्हातारीनं घाटावर भाकरी मागितली होती.

"थेरडे, बंदी ठाऊक नाही? मारा हिला!"

"मारा की सरकार," ठकू म्हणाली, "पण रांगेत तुम्ही माझ्या पुढं. मी आत्ता मागितलं, तुम्ही सकाळपासून कावळ्याकडं मागताय."

इनामदारांनी खालमानेनं तिला सोडवलं, बंदीही उठवली.

कावळा मात्र आलाच नाही.