सांडव्यावरची भिंत

“…पण किती झालं म्हणजे पुरे, हे ठरवणार कोण? सरकार? गाव? की तुम्ही?”

भाईदासशेठचा आवाज चढला होता. समोर चांदबाबा गोधडीला टाके घालत बसलेले. बाबा फकीर झाले ते म्हातारपणी. त्याआधी चाळीस वर्षं त्यांनी बंधारे बांधले, आणि भाईदास पोरसवदा असताना त्यांच्याच हाताखाली ते काम शिकला.

शेठ लुच्चा माणूस नव्हे, हे आधी सांगतो. मिळवलं ते कष्टानं. दोन गिरण्या, आठशे एकर, नाल्यावर स्वतःचं मातीचं धरण. पण हाव सुटली की सुटली! यंदा धरण काठोकाठ भरलं, तर या बहाद्दरानं जादा पाणी निघून जायचा सांडवाच विटांनी बुजवला. का, तर आणखी हातभर पाणी साठावं. धरणाखाली आमची चाळीस घरं. चार दिवस आमचा जीव टांगणीला लागलेला.

“गाव तुमचं ऐकतं, बाबा. समजवा त्यांना. माझी जागा, माझा पैसा, माझं पाणी. लोकांच्या पोटात का दुखावं?”

बाबांनी सुई गोधडीत खोचली, गोधडी खांद्यावर टाकली. “चल, बघू तुझं पाणी.”

मीही मागं गेलो.

धरणाच्या पायथ्याशी पाणी झिरपत होतं. बाबांनी ओंजळ भरली आणि शेठपुढं धरली.

“मातीचं धरण आहे, बाबा. झिरपणारच.”

“नितळ पाणी झिरपलं असतं, तर मी बोललो नसतो.”

शेठनं ओंजळीत पाहिलं… पाणी गढूळ होतं. त्याचा चेहरा खाडकन उतरला. बांध आतून माती सोडतोय, म्हणजे फुटायला आलाय, हे त्याला कुणी सांगायला नको होतं.

बाबांनी तिथंच गोधडी अंथरली आणि बसले.

“बस. किती म्हणजे पुरे, ते बोलू.”

“इथं? वर चला, बाबा. वर बसून बोलू.”

“वर बसून तू दहा वर्षं बोलतोयस.”

“अहो, उठा! जीव जाईल…”

शेठनं त्यांचा हात धरून ओढला. म्हातारा जागचा हलेना. मला तर पळावंसं वाटलं, खोटं कशाला सांगू.

शेठ घामानं निथळत होता. शेवटी वर तोंड करून तो धरणावरच्या गड्यांवर ओरडला, “फोडा रे ती भिंत!”

पहारी पडू लागल्या. विटांचे दोन थर उतरले, तसं सांडव्यातून पाणी धो धो सुटलं.

वरून मुकादमानं हाक दिली, “मालक, पुरे का आणखी फोडू?”

शेठनं वर पाहिलं. मग बाबांकडं.

“बाबा… किती?”

“मला काय विचारतोस? आता खाली तूही उभा आहेस.”