कोठाराला जोडलेला रंभाजी

कातरखेड नावाचं एक गाव होतं आणि त्या गावाला पुरून उरेल एवढा एक भोळा माणूस तिथं राहत होता. नाव रंभाजी. सांगितलेलं काम तो कधी टाळत नसे. सांगितलं तसंच करायचा. अडचण तीच होती.

रंभाजी शकूमावशींच्या वधूवर सूचक केंद्रात कामाला होता. मावशींनी आख्ख्या तालुक्याची लग्नं जमवली होती. त्या नादात त्यांचं स्वतःचं तेवढं राहून गेलं. रंभाजीचंही व्हायचं होतं. तो रोज सकाळी विचारायचा, "मावशी, माझं कधी?"

"यंदाचा मेळावा नीट पार पडू दे," मावशी म्हणायच्या. "मग पहिलं लग्न तुझं. शब्द आहे माझा."

मग काय, रंभाजी जीव ओतून राबायला लागला.

मुलामुलींचे सगळे फोटो आणि माहिती मावशींनी क्लाउडच्या कोठारात ठेवली होती. हे कोठार गावात नव्हतं. कुठल्याशा कंपनीच्या लांबच्या संगणकांत भाड्यानं घेतलेली ती जागा. एक दिवस शहरातून इंजिनिअर आला आणि फोटो सुधारायचं ॲप त्यानं त्या कोठाराला जोडून दिलं. जोडणी तपासायला एखादा फोटो हवा होता. मावशींनी स्वतःचा दिला. रंभाजीनं कुणी न मागता आपलाही दिला.

"आता इथं फोटो सुधारला की तिकडे कोठारात आपोआप सुधारतो," इंजिनिअर म्हणाला. "माहितीसुद्धा इथूनच बदलता येते. आणि लगेच सगळ्यांच्या मोबाईलवर दिसते."

"लगेच?" मावशींनी विचारलं.

"लगेच."

इंजिनिअर चहा पिऊन निघून गेला. ही माणसं नेमकी वेळेवर कशी निघून जातात, याचं मला फार नवल वाटतं.

पहिल्याच दिवशी मावशी म्हणाल्या, "रंभाजी, लोक कसेही फोटो पाठवतात. मागं पंखा, कॅलेंडर, दोरीवरचे कपडे. पोरांभोवतीचं सगळं काढून टाक."

रंभाजीनं मान हलवली. पक्कं लक्षात ठेवलं.

फोटो निघाला दिगंबरचा. दिगंबर नव्या ट्रॅक्टरवर बसला होता. रंभाजीनं ट्रॅक्टर काढून टाकला. दिगंबर राहिला हवेत, दोन्ही हात पुढं करून बसलेला.

दिगंबरच्या वडिलांचा फोन आला. मावशींनी कपाळावर हात मारला.

"अरे माझ्या कर्मा! ट्रॅक्टर बघूनच तर मुली होकार देतात. ज्याचं जे आहे ते राहू द्यावं!"

"बरं मावशी. आता नाही चुकणार."

पुढचा फोटो सुवर्णाचा. सुवर्णा गोठ्यासमोर उभी आणि तिच्यापुढं म्हैस. सुवर्णाचं फक्त डोकं दिसत होतं. रंभाजीनं तिच्या घरी फोन लावला.

"म्हैस कुणाची?"

"आमचीच की."

"मग राहू द्या," रंभाजी म्हणाला आणि फोटो तसाच कोठारात पाठवला. संध्याकाळी एका घरून विचारणा आली, मुलगी दूध किती देते?

"अरे माझ्या कर्मा!" मावशी ओरडल्या. "लोक इथं काय गुरं बघायला येतात? फक्त मुलगी दिसली पाहिजे. बाकी सगळं काप!"

"बरं मावशी. आता नाही चुकणार."

त्यानं म्हैस कापली. पण ज्याचं आहे ते राहू द्यायचं, हेही डोक्यात होतं. म्हणून कापलेली म्हैस त्यानं कोठारात वेगळी ठेवून दिली.

त्यानंतर आला सुहासचा फोटो. राखीपौर्णिमेचा. सुहास आणि त्याची बहीण शेजारी शेजारी. फक्त मुलगी दिसली पाहिजे. रंभाजीनं सुहासला कापला. दोन तासांत सुहाससाठी चाळीस मुलांची स्थळं आली.

"अरे माझ्या कर्मा! कोठारात माहिती कशाला भरलीय? आधी माहिती वाचायची. माहितीत आहे तसा फोटोत दिसला पाहिजे!"

"बरं मावशी. आता नाही चुकणार."

पुढं तुषार. माहितीत लिहिलं होतं, उंची पाच फूट अकरा. फोटोत तुषार सायकलशेजारी उभा होता आणि सायकलपेक्षा थोडाच वर आला होता. रंभाजीनं फोटो धरला आणि वरून ओढला. तुषार लांबला. सायकलही लांबली. तुषारची आई रडत केंद्रात आली. "माझ्या लेकराला कुणी ताणलंय हो?"

मावशींनी तिला पाणी दिलं आणि रंभाजीकडं वळल्या. "अरे, उंची लोक जरा वाढवूनच सांगतात! फोटोत दिसतं ते खरं धरायचं. दुरुस्त करायची ती माहिती."

रंभाजीनं मान हलवली. पक्कं लक्षात ठेवलं.

यशवंतच्या माहितीत लिहिलं होतं, वय एकोणतीस, स्वभाव शांत. रंभाजीनं फोटो निरखून पाहिला आणि माहिती दुरुस्त केली. वय: मुलाच्या मामाएवढं. केस: डोक्यावर आहेत, पण त्याचे वाटत नाहीत. स्वभाव: भूक लागल्यासारखा.

ते लगेच सगळ्यांच्या मोबाईलवर दिसलं. यशवंतचा मामा तणतणत आला.

"आमच्या एकट्याच्याच पोराचं असं का लिहिलं? बाकीच्यांचं का नाही?"

मावशींनी हात जोडून त्याला कसंबसं वाटेला लावलं. मामा गेल्यावर त्या खुर्चीत बसल्या आणि अगदी हळू आवाजात म्हणाल्या, "रंभाजी, उद्या मेळावा आहे. माझी सगळी अब्रू त्यावर आहे आणि तुझं लग्नही. आता एवढं एकच ध्यानात धर. भेदभाव करायचा नाही. जे एकाला, ते सगळ्यांना. ॲपमध्ये बटण आहे त्याचं."

"जे एकाला, ते सगळ्यांना," रंभाजी म्हणाला. या वेळी त्यानं दोनदा मान हलवली.

मेळाव्याच्या दिवशी सकाळी आनंदाची बातमी आली. कावेरी बोराटेचं लग्न निवृत्ती खुटवडशी जमलं. मावशी धावपळीत होत्या. जाता जाता म्हणाल्या, "कावेरीच्या फोटोवर 'विवाह जमला' शिक्का मार आणि खाली निवृत्ती खुटवडचं नाव घाल."

रंभाजीनं शिक्का मारला. नाव घातलं. सगळं अगदी बरोबर केलं.

मग त्याला मावशींचं बोलणं आठवलं. त्यानं ते बटण शोधलं. ॲपनं विचारलं, सगळ्यांना लागू करायचं?

रंभाजीनं 'हो' दाबलं.

मंगल कार्यालय खचाखच भरलं होतं. पहिल्या रांगेत फेटा बांधून निवृत्ती खुटवड बसला होता, शेजारी त्याचे होणारे सासरे. मोठ्या पडद्यावर फोटो सुरू झाले. कावेरी आली. खाली लिहिलेलं, विवाह जमला, निवृत्ती खुटवड. टाळ्या पडल्या.

मग सुवर्णा आली. विवाह जमला, निवृत्ती खुटवड.

टाळ्या थांबल्या. सासरे जावयाकडं बघू लागले.

पुढं आणखी मुली आल्या. सगळ्यांचं जमलेलं, सगळ्यांचं निवृत्तीशी. मग दिगंबर आला, हवेत बसलेला. विवाह जमला, निवृत्ती खुटवड. मग लांबलेला तुषार. मग यशवंत. मग म्हैस.

सासरे उठून उभे राहिले. निवृत्ती फेटा काढून त्यांना म्हणाला, "मामा, आईची शपथ, मी या म्हशीला कधी बघितलंसुद्धा नाही!"

घराघरांतले मोबाईल वाजू लागले. पडद्यावर आता शकूमावशींचा फोटो आला. विवाह जमला, निवृत्ती खुटवड. मावशी व्यासपीठावर मटकन खाली बसल्या. एवढ्या वर्षांत त्यांचं जमलं ते हे असं. तरी पदर त्यांनी सावरला, हे मी स्वतः पाहिलं.

"रंभाजी!" त्या किंचाळल्या. "कुठं आहेस तू?"

रंभाजी तिथंच होता. तो पडद्याकडं बघत होता, कारण शेवटचा फोटो त्याचा होता. शिक्का होता. खाली नावही होतं.

त्याचे डोळे भरून आले. तो व्यासपीठावर चढला, मावशींच्या पाया पडला, मग खाली उतरून निवृत्तीसमोर लाजत उभा राहिला.

"मावशींनी शब्द पाळला," तो म्हणाला. "माझ्याकडून होकार आहे. फक्त घरी आईला एकदा विचारून सांगतो."