हैबती पैलवानाचं दूध

एका राज्यात राजवाड्याच्या आधी तालीम बांधली होती. थोरला राजा होता तोवर कुस्तीचं मैदान मारणाऱ्याला चांदीची गदा मिळायची आणि राजाचा शब्द मिळायचा: मरेपर्यंत दूध-बदामाचा खुराक, दुखण्याखुपण्याला राजवैद्य. गदा द्यायला राजा जोडे काढून लाल मातीत उतरायचा. आणि रोज सकाळी तोंड धुवायच्या आधी विचारायचा, "पैलवानांचं दूध पोचलं का?" असले राजे होते तेव्हा. आता कुठले!

शब्द टिकावा म्हणून त्यानं एका मांत्रिकाकडून खजिन्यावर मंत्र घालून घेतला आणि दारात बोलणारी साळुंकी बसवली.

थोरला गेला. मुलगा तेजपाळ गादीवर आला. हुशार होता. नको इतका. म्हणाला, "ज्यांची अंगं सुटली त्यांना खुराक कशाला? यंदा जिंकेल त्याला हार घाला, मिरवा, विषय संपला." सगळ्या म्हाताऱ्यांचं दूध बंद झालं. पाचव्या वर्षी मैदान भरलं, तेव्हा तर गदाही त्यानं सज्जातून दोरीनं खाली सोडली.

त्याच दिवशी तालमीतली माती दगड झाली. दुसऱ्या दिवशी राजाचे पाय जोड्यांसकट दगड झाले.

राजा फरफटत खजिन्याच्या दारात गेला. साळुंकी म्हणाली, "छातीपर्यंत दगड चढला की तू संपलास. तीन कामं आहेत. पालखी नाही, चालत."

"सांग."

"सगळ्यात जुनी गदा शोध. माती मऊ कर. तिसरं काम गदेचा मालक सांगेल."

राजा सात गावं चालला. दगडी पायांच्या ठिणग्या उडत होत्या. सातव्या गावात एका झोपडीचं दार आपटू नये म्हणून त्याला चांदीची गदा टेकवली होती. आत कान मोडलेला, गुडघा सुजलेला म्हातारा दोर वळत बसला होता. हाच हैबती.

"कोण हाय? दार लोटू नका, गदा पडंल."

"मी राजा."

"मग जोडे काढून या, महाराज."

"ते दगडाचे झालेत."

"बरं झालं. झिजायचे न्हाईत."

राजानं मोहरांची थैली पुढं केली. "हे घे आणि शाप काढ."

"मोहरा चावू कशानं? अन् शाप मी न्हाई घातला. मी आपली दूध घिऊन येणाऱ्या घोड्याच्या घुंगरांची वाट बघत होतो. पाच वर्सं झाली."

राजानं थैली मागं घेतली आणि तालमीची माती दगड झाल्याचं सांगितलं. मग हैबतीनं गदा खांद्यावर टाकली, दुसरा हात राजाच्या खांद्यावर ठेवला आणि दोघं लंगडत तालमीत आले.

"ताक ओता. आता तेल. आता हळद. अन् मळा. हातानं! कुदळ ठिवा तिकडं."

दगड मांड्यांपर्यंत चढला होता. राजानं बसूनच मळलं. नखं फुटली, रक्त आलं. तिसऱ्या पहाटे माती सुटली आणि वास दरवळला. हैबतीनं चिमूटभर कपाळाला लावली.

"तुमच्या आबासाहेबांच्या अंगाला ह्योच वास यायचा," तो म्हणाला.

दगड बरगड्यांखाली येऊन टेकला होता. राजाला धाप लागली. "तिसरं काम?"

"काम कसलं? ते रोज सकाळी इचारायचे. तेवढं इचारा."

सूर्य उगवत होता. राजानं पहाऱ्यावरच्या शिपायाला हाक मारली. "हैबतीचं दूध पोचलं का रे?"

"नाही, महाराज."

"सगळ्या जुन्या पैलवानांचं सुरू करा. राजवैद्यांना बोलवा. ह्याचा लोटा इकडे आण, मी देतो."

शिपायानं दुधाचा लोटा आणला. तो द्यायला म्हणून राजा उठला, आणि उठताना अंगावरचा दगड जोड्यांसकट तडकून गळाला. अनवाणी पाय मातीत रुतले. हैबतीनं लोटा एका दमात संपवला, मिशा पुसल्या. "बदाम कमी हायत," म्हणाला.

गुडघा सरळ झाला नाही, पण सूज उतरली. साळुंकी पुन्हा कधी बोलली नाही.

राजा मात्र रोज विचारत राहिला. हैबती गेला त्या सकाळीही त्यानं विचारलं. त्या दिवशीचं दूध त्यानं स्वतः मातीत ओतलं. ती माती अजून मऊ आहे.